विद्यावेतन मिळाले, पुढे काय?

अड्याळ परिसरात धानाची कापणी-मळणी आटोपली की कितीतरी तरुणांच्या हाताला काम उरत नाही. अशांना विद्यावेतन घेत वीजतंत्रीचे काम शिकण्याची वाट १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने खुली केली, हे स्वागतार्हच होय. खांबावरचे काम पुस्तकातून येत नाही; जाणत्या कामगाराच्या शेजारी राहूनच ते हाती बसते.

परंतु याच कायद्याचे अठरावे कलम या तरुणाला प्रशिक्षणार्थी मानते, कामगार नव्हे. मुदतीनंतर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण मालकानेच ठरवावे असे म्हटले, हमी दिली नाही. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा काही भार उचलते. समाजाच्या पैशाने मालकाला दरवर्षी नवे स्वस्त हात मिळावेत आणि जुने शिकाऊ पुन्हा बेकार व्हावेत, याला शिक्षण कसे म्हणावे?

इतर बाबी समान असता प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले. तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ शिकाऊंच्या जागा वाढवून मागू नयेत. वीज कंपन्यांच्या भरतीत त्यांचा निश्चित हिस्सा मागावा. त्यावाचून ही वाट अड्याळच्या तरुणाला बेकारीच्याच दारात परत आणून सोडील.