दोन वल्ही, एक होडी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत, 10 लाखांहून अधिक एकरांचे सरकारी अरण्य आहे. त्यात हजारावर सरोवरे आहेत. ‘बाउंडरी वॉटर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात उन्हाळ्यात जोडपी आणि मुलाबाळांसह कुटुंबे ‘कनू’ नावाच्या हलक्या, निमुळत्या होड्या वल्हवीत चार-आठ दिवस हिंडतात. पुढे बसणाऱ्याने खडक हेरायचे व वल्ह्याचा ताल राखायचा. मागच्याने दिशा सांभाळायची. दोन सरोवरांमधील पायवाट होडी खांद्यावर घेऊन तुडवायची. येथे घरातील वडीलकीचा हुकूम फारसा उपयोगी पडत नाही. पतिपत्नींची वल्ही जुळली नाहीत, तर होडी भरकटते. मुलाने पाठीवर वाहिलेला शिधाही कौतुकाचा नव्हे, गरजेचा असतो.

या परस्परावलंबनाचे मोल राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही. तेथे होडीच्या भाड्याची आणि शिध्याच्या किमतीची तेवढी नोंद होते. म्हणूनच हे अरण्य बाजाराच्या हवाली न करण्याचे धोरण महत्त्वाचे ठरते. 1964 च्या अरण्य-संरक्षण कायद्याने व पुढे 1978 च्या खास कायद्याने यांत्रिक नौकांवर कडक मर्यादा आल्या. मुक्कामाचे परवाने ठरावीक संख्येनेच दिले जातात; एका गटात नऊच माणसे आणि चारच होड्या. गर्दी रोखण्यासाठी दर भरमसाट वाढविता आले असते. मग शांतता श्रीमंतांची झाली असती. मर्यादा संख्येची आणि शुल्क माफक, यामुळे सामान्य पगारदारालाही तेथे रांगेत स्थान आहे.

या निर्बंधांचा भार स्थानिकांवर पडला, हा आक्षेप खोटा नाही. जवळच्या ईली गावातील शेवटची लोहखाण 1967 साली बंद पडली होती. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच आलेल्या 1978 च्या कायद्याला तेथे तीव्र विरोध झाला. सरोवरांच्या पाणलोटात तांबे-निकेलचे साठे आहेत. तेथील सरकारी जमिनीवर नवे खाणपट्टे देणे 2023 साली 20 वर्षांसाठी थांबविण्यात आले. तो निर्णयही वादग्रस्त ठरला. रोजगाराची मागणी न्याय्यच आहे आणि तिची जबाबदारी शासनाने घेतलीच पाहिजे. परंतु खाण संपते, हे ईलीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? नासलेले पाणी मात्र नुकसानभरपाईच्या रकमेने पूर्ववत होत नाही. आजच्या पिढीने सरोवर खर्ची टाकले, तर पुढच्या पिढीच्या हाती वल्हे राहील, पाणी राहणार नाही.