प्रयोगशाळेची चूक आणि रक्ताचा अभिमान

अपत्याची आस धरलेल्या दाम्पत्याने विश्वासाने आपले बीज प्रयोगशाळेच्या स्वाधीन करावे आणि तेथील गफलतीने भलत्याचेच बीज गर्भात रुजावे, हा काही क्षुल्लक प्रमाद नव्हे. दिल्लीत असे घडले. २००९ साली जुळी मुले जन्मली. पुढे रक्तगट आईबापांशी जुळेना, आणि डीएनए तपासणीत पित्याचे बीज वापरलेच गेले नव्हते असे आढळले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दीड कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला तो २०२३ साली!

प्रयोगशाळेच्या बंद दाराआड काय झाले, हे रोग्याने सिद्ध करावे तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एका खटल्यात आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात फडके राहिले व ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, अच्युतराव खोडवा यांच्या दाव्यात, येथे वस्तुस्थितीच बोलते असे मानून सरकारला जबाबदार धरले. बीजाच्या अदलाबदलीसही हाच न्याय लागू झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु वाचकहो, येथे हानी कोणती झाली? ‘आमच्या कुळात परके रक्त शिरले’ असे कोणी म्हणेल, तर ती चातुर्वर्ण्याची भाषा होय. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला. १९५६ साली नागपुरात मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या समाजाच्या तोंडी ती भाषा शोभत नाही. खरी हानी आहे ती मोडलेल्या संमतीची, दडविलेल्या सत्याची, स्त्रीच्या देहाने सोसलेल्या यातनांची आणि कर्ज काढून केलेल्या खर्चाची. जन्मलेले मूल म्हणजे नुकसान नव्हे. अशा उपचाराने जन्मलेले मूल त्या दाम्पत्याचेच मानून त्याला औरस संततीचे सर्व हक्क २०२१ च्या कायद्याने दिले आहेत.

भंडारा, तुमसर, पवनीकडील दाम्पत्याने उपचार नागपुरात घेतले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्याच्या आयोगापुढे मांडता येते. मुदत दोन वर्षांची आहे. विलंब झाल्यास सबळ कारण दाखवावे लागते. उपचारकेंद्राने नोंदी किमान दहा वर्षे जतन केल्याच पाहिजेत. म्हणून संमतिपत्राची प्रत व प्रत्येक पावती मागून घ्यावी. न वाचता अंगठा वा सही देऊ नये.

डॉक्टर देव नव्हे, आणि रोगी याचक नव्हे. भरपाई अवश्य मागावी, हक्काने मागावी. मात्र तिचे माप जातीच्या तराजूत करू नये. तसे केल्यास दावा जिंकूनही आपण त्या निरपराध लेकराच्या कपाळी विटाळाचा तोच जुना शिक्का मारू, जो पुसण्यासाठी आपण धर्मांतर केले.