हिंगोलीचे खापरपणजोबा सॉल्ट लेक सिटीत सापडत नाहीत

१/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणांमध्ये एक समज रूढ होऊ पाहत आहे : अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांनी साऱ्या जगाच्या वंशावळी जपून ठेवल्या आहेत, संकेतस्थळावर आडनाव टाकावे, खापरपणजोबा समोर उभे राहतील. हिंगोली जिल्ह्यापुरता तरी हा समज भ्रामक आहे. तो भ्रामक का ठरतो, याचा शोध घेत गेले की दोष युटामध्ये नसून फार जवळ आहे, हे कळते.

२/ प्रथम मॉर्मनांचे श्रेय त्यांना द्यावे. त्यांची वंशावळ संस्था १८९४ साली युटामध्ये स्थापन झाली. १९३८ पासून तिने जगभरच्या नोंदवह्यांचे सूक्ष्मपट घेण्यास आरंभ केला. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेल्या कोठारात असे सुमारे २४ लाख सूक्ष्मपट जमा झाले आणि २०२१ मध्ये त्यांचे अंकीकरणही पुरे झाले. फॅमिलीसर्च हे त्यांचे विनामूल्य संकेतस्थळ मे १९९९ मध्ये सुरू झाले. त्याच महिन्याच्या १ तारखेला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला होता. योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा.

३/ या खटाटोपामागे धर्मश्रद्धा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. मृत पूर्वजांच्या नावे जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याचा विधी या पंथात आहे आणि त्यासाठी नावे लागतात. नाझी संहारात बळी पडलेल्या ज्यूंची नावे या विधीत वापरल्यावर ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. १९९५ मध्ये करार करून ते थांबवण्याचे पंथाला मान्य करावे लागले. आक्षेप रास्तच होता. परंतु तेवढ्यावरून सूक्ष्मपटांना हात लावायचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी एक सांगावे : निजामाच्या महसूल खात्याने गावोगावच्या नोंदी काय इतिहास संशोधकांच्या सोयीसाठी केल्या होत्या? लिहिणाऱ्याचा हेतू तपासावा, तसा कागदही तपासावा. एकामुळे दुसरा टाकाऊ होत नाही.

४/ हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मपट याच संस्थेने १९७७ पासून घेतले. या वह्यांचे मोल त्याआधीच सिद्ध झाले होते. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी १९६० च्या दशकात तीर्थक्षेत्रांतील अशा वह्या चाळून पहाडी चित्रकारांची घराणी जुळवली. गुलेरचा पंडित सेऊ आणि त्याचे पुत्र माणकू व नैनसुख यांचे कुटुंब त्यातून स्पष्ट झाले आणि चित्रशैली दरबाराची नसून घराण्याची असते, हा मुद्दा उभा राहिला. यात्रेकरूने उपाध्यायाच्या वहीत केलेल्या चार ओळींच्या नोंदीतून एवढे निघू शकते.

५/ आता हिंगोली. हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे १९०३ पर्यंत होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवीत. त्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात राहिल्या, मॉर्मनांनी त्यांचे सूक्ष्मपट घेतले, सूची केली. परिणामी छावणीत वाढलेल्या गोऱ्या मुलाच्या वंशजाला मेलबर्नमध्ये बसून पूर्वज शोधण्याची वाट आहे. छावणीला धान्य, गवत आणि दूध पुरवणाऱ्या कुणब्याच्या, गवळ्याच्या वंशजाला कळमनुरीत बसून ती नाही.

६/ त्याच्या पूर्वजाची नोंद मुळी नाहीच, असे मात्र नाही. ती नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत असू शकते. गाव, कूळ, बाप, आजा अशी. मोडीत असू शकते. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी होती आणि १८८० च्या दशकापासून उर्दू झाली; म्हणजे महसुली कागद त्या लिपीत. १९४८ नंतर मराठवाडा भारतात आला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेला, पण जुन्या दफ्तराचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला. मराठी माणसाचा पूर्वज तेलंगणातल्या अभिलेखागारात, उर्दू लिपीत बसलेला आहे आणि नातवाला ना मोडी येते ना उर्दू.

७/ हे दफ्तर उघडायला किती उशीर झाला, ते २०२३ मध्ये दिसले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि १९५४ च्या सुमाराची खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्ममृत्यूच्या वह्या तहसील कार्यालयांतून बाहेर निघू लागल्या. दाखल्यासाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी माणसे आजोबाच्या नावाचा एक कागद शोधत रांगेत उभी राहिली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे प्रश्न नाही. एका आंदोलनाचा रेटा आल्यावरच शासनाला स्वतःचे कपाट आठवते, हा आहे. तोही शोध एका शब्दासाठी. त्याच पानावरील मांग, हटकर, मोमीन, वंजारी कुटुंबांची नावे त्याच वेळी सूचीत घ्यायला असे कितीसे जास्त कष्ट पडले असते?

८/ ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्दही २०२५ पासून घराघरांत गेला आहे. गॅझेटियरमध्ये समाजांची वर्णने आणि जनगणनेचे आकडे असतात. अमुक गावचा तमुक, असे नाव त्यात नसते. त्यात पणजोबा शोधणारा तरुण बाजारात जाऊन तापमान विकत मागतो आहे. घराण्याचा पुरावा नावानिशी केलेल्या नोंदीतच सापडतो.

९/ उपाध्यायांच्या वह्यांनाही वेदवाक्य मानू नये. ज्यांना तीर्थयात्रा परवडली, आणि ज्यांना उपाध्यायाने समोर बसू दिले, त्यांचीच नावे तेथे येतात. वह्यांचे हे नाशिक आणि २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात ज्यांना अडवले गेले त्यांचे नाशिक, ही दोन गावे नव्हेत. पुढे पैसे देऊन बनवून घेतलेल्या, थेट सूर्यवंशाला जाऊन भिडणाऱ्या वंशावळींबद्दल तर बोलायलाच नको.

१०/ म्हणून मागणी मॉर्मनांकडे नव्हे, तर मुंबई आणि हैदराबाद येथील शासनांकडे हवी : सर्व जातिधर्मांच्या जुन्या नोंदी पानन्‌पान छायांकित करा, सूची करा, विनामूल्य खुल्या करा, आणि प्रत्येक जिल्ह्यात मोडी व उर्दू शिकवा. तोवर तरुणांनी आजीला तिच्या माहेरचे गाव विचारून ठेवावे. छावणीतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या आईचे नाव असते. खासरा पत्रकात जमीन धरणाऱ्याचे असते, आणि तो बहुतेक वेळा पुरुषच.