निर्बंधांचा आग्रह, आसऱ्याची चिंता

म्यानमारच्या लष्करी राजवटीशी जवळीक असलेल्या काही व्यक्ती व कंपन्यांवरील निर्बंध अमेरिकेच्या अर्थखात्याने २४ जुलै २०२५ रोजी उठविले. लष्करप्रमुख मिन आँग हलाईंग यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची स्तुती करणारे व निर्बंध शिथिल करण्याची विनंती करणारे पत्र त्याआधी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी पाठविले होते. दोन्ही गोष्टींचा संबंध नसल्याचे अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने ब्रह्मी नागरिकांना २०२१ पासून मिळत असलेला तात्पुरता संरक्षित दर्जा संपुष्टात आणण्याची घोषणा केली. शस्त्रसंधी आणि होऊ घातलेल्या निवडणुका यांचा दाखला त्यासाठी देण्यात आला. या निर्णयाला न्यायालयात आव्हान मिळाले. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या ब्रह्मी समाजाला त्यातून मिळायचा तो इशारा मिळाला.

लष्करशाहीवर निर्बंध, तिच्या छळातून निसटलेल्यांना आसरा आणि मानवी हक्कभंगाचा जाब ही या समाजाच्या चळवळीची तीन सूत्रे. पहिले दोन दोर एकाच वर्षात ढिले झाल्यावर तिसऱ्यावर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न आता उभा राहिला आहे.

विद्यापीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

१९८८ चा उठाव लष्कराने रक्तात बुडविला, तेव्हा हजारो विद्यार्थी सीमा ओलांडून थायलंड व भारतात आले आणि त्यांपैकी अनेकजण पुढे पाश्चात्त्य देशांत पोहोचले. १९९५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकणाऱ्या माउंग झार्नी यांच्या पुढाकाराने ‘फ्री बर्मा कोएलिशन’ ही संघटना उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी बहिष्काराचा कित्ता तिने गिरविला. विद्यार्थ्यांच्या दबावामुळे विद्यापीठांतील करार हातचे जाऊ लागले आणि १९९७ मध्ये पेप्सीने म्यानमारमधून काढता पाय घेतला. त्याआधी, १९९६ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याने म्यानमारशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांची सरकारी खरेदीत अडवणूक करणारा कायदा केला होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो एकमताने रद्दबातल ठरविला. परराष्ट्र धोरण हा केंद्राचा प्रांत असून काँग्रेसच्या कायद्यापुढे राज्याचा कायदा टिकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

त्यानंतर चळवळीने वॉशिंग्टनकडे मोर्चा वळविला. मे २००३ मध्ये आँग सान स्यू ची यांच्या ताफ्यावर डिपायिन येथे हल्ला झाला आणि दोनच महिन्यांत म्यानमारमधील मालाच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत संमत झाला. परदेशस्थ समाजाच्या दृष्टीने हे मोठे यश होते. मात्र त्याची किंमत सेनाधिकाऱ्यांपेक्षा यांगूनच्या कापड कारखान्यांत शिलाईयंत्रावर बसणाऱ्या मुलींना अधिक मोजावी लागली. अनेक कारखाने बंद पडले, हजारो कामगारांचा रोजगार गेला. बहिष्काराचे आद्य पुरस्कर्ते झार्नी यांनीच पुढे या धोरणाच्या उपयुक्ततेबद्दल जाहीर शंका घेतली आणि चळवळीत उभी फूट पडली. निर्बंध हवेत, पण कोणावर, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

दुसऱ्या पर्वातील धडा

अर्धवट लोकशाही अवतरल्यानंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये बराक ओबामा यांनी आर्थिक निर्बंधांचा मुख्य आराखडाच मोडीत काढला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकाविली, तेव्हा परदेशस्थ ब्रह्मी समाजाने जुन्या चुकीतून घेतलेला बोध दिसून आला. या वेळी मागणी सरसकट बहिष्काराची नव्हती. ती लष्कराचा पैसा अडविण्याची होती. तेल व वायू महामंडळ हा त्या पैशाचा मोठा झरा. जानेवारी २०२२ मध्ये टोटालएनर्जीज व शेव्हरॉन या कंपन्यांनी म्यानमार सोडत असल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात युरोपीय महासंघाने या महामंडळावर निर्बंध लादले. अमेरिकेने मात्र ऑक्टोबर २०२३ पर्यंत वेळ घेतला आणि तेव्हाही केवळ वित्तीय सेवांपुरतीच बंदी घातली. गावांवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या इंधनाकडेही ऑगस्ट २०२३ मध्ये लक्ष वळविण्यात आले.

असे नेमके निर्बंध कितपत परिणामकारक ठरतात? संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांचे दोन अहवाल याबाबत उद्बोधक आहेत. उठावापासून लष्कराने सुमारे एक अब्ज डॉलरची शस्त्रास्त्रे व संबंधित सामग्री आयात केल्याचे मे २०२३ च्या अहवालात नमूद होते. सिंगापूरने चौकशी हाती घेतल्यावर तेथून होणारा पुरवठा जवळपास ९० टक्क्यांनी घटल्याचे जून २०२४ च्या अहवालात दिसले. पण त्याच काळात थायलंडमधील बँकांमार्फत होणारी खरेदी दुपटीने वाढली. एक दार बंद झाले की लष्कर शेजारचे दार ठोठावते, हाच याचा अर्थ. शेजारी देश बाहेर राहिले, तर वॉशिंग्टन वा ब्रुसेल्सने घातलेला बांध गळका राहणार, हे उघड आहे.

भारताचा संबंध

या शेजाऱ्यांत भारतही येतो. २०२३ च्या अहवालानुसार भारतातील सरकारी व खासगी कंपन्यांकडून गेलेल्या सामग्रीचे मूल्य सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर होते. रशिया आणि चीनच्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी लोकशाही देशाच्या खाती तो शोभणारा नाही. उलट, दबाव येथेही फळाला येऊ शकतो, याचे उदाहरण अदानी पोर्ट्सचे आहे. यांगूनमधील कंपनीचे बंदर लष्कराच्या उद्योगसमूहाकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर असल्याचे कार्यकर्त्यांनी चव्हाट्यावर आणले. एप्रिल २०२१ मध्ये एका अमेरिकी शाश्वतता निर्देशांकातून कंपनीला वगळण्यात आले आणि मे २०२३ मध्ये तीन कोटी डॉलरला तो प्रकल्प विकून तिने अंग काढून घेतले.

निर्वासितांबाबत दिल्लीची भूमिका त्याहून अधिक अवघड प्रश्न निर्माण करते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ईशान्येकडील राज्यांना घुसखोरी रोखण्याचे आदेश दिले. परंतु मिझोरामने रक्ताच्या नात्याला जागून चिन बांधवांना थारा दिला आणि तत्कालीन मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. तीस हजारांहून अधिक लोक त्या छोट्या राज्यात आले. त्यांचा भार चर्च, स्थानिक तरुणांच्या संघटना आणि परदेशातील चिन कुटुंबांनी पाठविलेला पैसा यांनी पेलला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात वसलेल्या चिन समाजाचे भवितव्य अस्थिर झाले, तर त्याची झळ आयझॉलपर्यंत पोहोचणार, ती अशी.

परदेशस्थांचा पैसा लष्करालाही हवा आहे. परदेशी काम करणाऱ्यांनी उत्पन्नाचा चौथा हिस्सा अधिकृत मार्गानेच मायदेशी धाडावा, अशी सक्ती २०२३ मध्ये करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा अमलात आला आणि १८ ते ३५ वर्षांचे तरुण पुन्हा सीमेकडे धावले.

न्यायाची लांब वाट

या चळवळीच्या अंगावरील एक डागही नोंदविला पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये स्यू ची हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा आरोप फेटाळण्यास उभ्या राहिल्या, तेव्हा अनेक परदेशस्थ ब्रह्मी नागरिक त्यांच्या समर्थनाचे फलक घेऊन जमले होते. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते, हे ठाऊक असूनही! लष्कराने स्वतःवरच बंदूक रोखल्यावर अनेकांचे डोळे उघडले, काहींनी जाहीर माफी मागितली. लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने जून २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या नागरिकत्वाबाबत भूमिका बदलली.

विशेष म्हणजे न्यायाच्या आघाडीवर सर्वांत चिकाटीने लढले ते रोहिंग्याच. ब्रिटनमधील त्यांच्या संघटनेने नोव्हेंबर २०१९ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायालयात वैश्विक अधिकारक्षेत्राच्या तत्त्वानुसार फिर्याद दाखल केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथून मिन आँग हलाईंग यांच्यासह अनेकांविरुद्ध अटक वॉरंट निघाले. त्यात स्यू ची यांचेही नाव होते, आणि त्यावरून परदेशस्थ समाजात पुन्हा मतभेद झाले. वॉरंट निघाले म्हणजे अटक झाली असे नव्हे. पण लष्करशहाच्या परदेश दौऱ्यांवर त्याची सावली पडते, एवढे निश्चित.

डिसेंबर २०२५ व जानेवारी २०२६ मध्ये लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणुका घेतल्या. स्यू ची यांचा पक्ष २०२३ मध्येच विसर्जित करण्यात आला होता. देशांतर्गत विस्थापितांची संख्या ३५ लाखांवर गेली असताना झालेल्या या मतदानाला सुधारणा मानून निर्बंध सैल करणे आणि निर्वासितांना ‘आता परत जा’ सांगणे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. म्हणून परदेशस्थ समाजाला आता दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढावे लागेल. ज्याच्या स्वतःच्या वास्तव्याची शाश्वती नाही, तो दुसऱ्यासाठी प्रतिनिधींचे दार किती काळ ठोठावणार?

महाराष्ट्राला ब्रह्मदेशाच्या वनवासाची ओळख जुनी आहे. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेला थिबा राजा रत्नागिरीत तीस वर्षे राहिला व १९१६ मध्ये तेथेच निवर्तला. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या शताब्दी स्मृतिदिनी समाधीसमोर नतमस्तक होण्यासाठी आलेल्यांत सेनाप्रमुख मिन आँग हलाईंगही होते. त्यानंतर वर्ष उलटण्याआधीच त्यांच्या सैन्याने लाखोंना देशोधडीला लावले. परागंदा राजाची थोरवी त्यांना कळत होती. परागंदा प्रजेची दैना मात्र कळली नाही.