खिडक्या दोन, सेशन एक

जुलै सरत आला की कळंब, भूम, परंड्याच्या सेवा केंद्रांत पीकविम्यासाठी गर्दी उसळते. खरिपाची मुदत एरवी 31 जुलैची. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हा तर राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले. एकाचा ओटीपी येत नाही, पासबुक घरी राहिलेले असते, मागे रांग खोळंबलेली. केंद्रचालक तेवढ्यात दुसऱ्या टॅबमध्ये पुढच्या शेतकऱ्याचा अर्ज उघडतो. त्याच्या जागी कोणीही हेच करील.

पण अर्जाची प्रणाली बनवताना आपण 'चालू अर्जदार' सर्व्हरवरच्या सेशनमध्ये ठेवला असेल, तर दुसरा टॅब उघडताच तो बदलतो. मग पहिल्या टॅबमध्ये 'जतन करा' दाबले की एकाचा गट नंबर दुसऱ्याच्या अर्जात जाऊन बसतो. पडद्यावर चूक झाल्याचा संदेशही येत नाही. सोयाबीन हातचे गेल्यावर, भरपाई मागताना हा घोळ उघडा पडतो आणि तालुक्याला हेलपाटे शेतकरी घालतो.

सर्व्हर सेशन ओळखतो ते सहसा कुकीवरून. ही कुकी 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी आणली. टॅब किंवा खिडकी तिला ओळखता येत नाही. इनकॉग्निटोच्या एकाच वेळी उघडलेल्या खिडक्याही आपसात एकच सेशन वापरतात. ब्राउझरच्या वेगळ्या प्रोफाइलने काम भागते, पण ऐन गर्दीत ते ओझे केंद्रचालकावर का टाकावे?

सेशनने लॉगिन कोणाचे एवढेच सांगावे, असे आमचे ठाम मत आहे. अर्ज कोणाचा, हे पानाच्या पत्त्यातून किंवा फॉर्मबरोबर गेले पाहिजे. त्या अर्जावर या चालकाचा अधिकार आहे का, हे सर्व्हरने दर विनंतीला तपासावे; नाहीतर पत्त्यातला क्रमांक बदलून कोणीही कोणाचाही सातबारा पाहील. सेशनस्टोरेजवर अनेकांची भिस्त असते. ते टॅबपुरते असते खरे, पण टॅबची नक्कल काढली की आतला मजकूरही नकलेत उतरतो. लॉगिन बदलले तर ब्रॉडकास्टचॅनलने इतर टॅबना कळवता येते. तरी शेवटचा नकार सर्व्हरचाच हवा.

पुढच्या खरिपाआधी प्रत्येक चमूने दोन टॅबमध्ये दोन अर्जदार उघडून आलटूनपालटून जतन करून पाहावे. नंतर एका टॅबमध्ये लॉगआउट करून दुसऱ्या चालकाने लॉगिन करावे आणि जुन्या टॅबमधला अर्ज पाठवावा. सर्व्हरने तो निमूटपणे स्वीकारला, तर ती प्रणाली केंद्रांवर पाठवू नये.