वैरणीची गाठ कोण बांधणार?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोळ-करवीरच्या गावांत शिरले, तेव्हा माणसांबरोबर जनावरेही हलवावी लागली. त्यांच्या वैरणीचा प्रश्न मात्र दोन्ही वेळी बिकट ठरला. सुट्या पिंजराची अडचण वजनाची नसून आकारमानाची आहे. ट्रक भरतो तो बव्हंशी हवेने. भाडे मात्र पूर्ण ट्रकाचे द्यावे लागते.

यावर उपाय म्हणून पिंजराचे चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या बेलर यंत्राकडे बोट दाखविले जाते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अशा यंत्रांना अनुदानही मिळू लागले. परंतु यंत्र आले म्हणजे चांगला गठ्ठा आला, असे नव्हे. पिंजराची ओळ सारख्या जाडीची हवी. यंत्राच्या कोठीत एका बाजूस माल अधिक पडला, की गठ्ठा केळ्यासारखा वाकतो. ट्रॅक्टर फार हळू चालविला, तर दट्ट्याच्या प्रत्येक ठोक्याला पुरेसा माल मिळत नाही. फार वेगाने दामटला, तर यंत्र तुंबते. ओलावा शेकडा वीसच्या वर असेल, तर गठ्ठा आतून तापतो व बुरशी धरतो. सुतळी सैल राहिली, तर तो उचलतानाच सुटतो. वाकडा गठ्ठा थप्पीत बसत नाही. म्हणजे वाहतुकीत वाचलेला पैसा पुन्हा वाहतुकीतच जातो.

हे कौशल्य शिकता येण्याजोगे आहे. खरी मेख मोबदल्याच्या पद्धतीत आहे. जेथे मजुरी गठ्ठ्यांच्या संख्येवर ठरते, तेथे हलके आणि सैल गठ्ठे बांधणे हेच यंत्रमालकाच्या फायद्याचे असते. तोटा सोसतो तो दोन म्हशींवर संसार चालविणारा उत्पादक.

याचे उत्तर कोल्हापूरला बाहेरून आणावयाचे नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाच्या गावोगावच्या संस्थांत दुधाचा भाव केवळ लिटरवर नव्हे, तर स्निग्धांशावरही ठरतो. तोच न्याय गठ्ठ्याला लावावा: मजुरी वजनावर आणि कोरडेपणावर द्यावी. भात कापणीनंतरच्या मोजक्या आठवड्यांसाठी तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एकट्याला न परवडणारे यंत्र अशा संस्थांनी सामाईक ठेवावे आणि चालकाला शिकवावे. अनुदानाने लोखंड विकत मिळते. घट्ट गाठ मात्र हिशेबाच्या सचोटीनेच बसते.