पॉम्पेईतली एक गल्ली आणि आपलं तेर

सहल म्हटलं की आपण शिक्षक आधी यादी काढतो. एका दिवसात किती ठिकाणं होतील, जेवण कुठे, बस परत किती वाजता. बावीस वर्षं मीही तेच करत आले. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मात्र इटलीतल्या पॉम्पेई शहरात तीन तास फिरले आणि या यादीवरचा माझा विश्वासच उडाला.

मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याने आम्हा तिघांपुरती एक खासगी गाईड ठरवली. पैसे ऐकून मी गप्पच झाले. आपले सोळा-सतरा हजार रुपये, तेही तीन तासांचे! "अरे, पाट्या वाचता येतात की आपल्याला," म्हटलं. तो म्हणाला, "आई, एकदा बघ तर."

पन्नाशीच्या बाई होत्या. इंग्रजीतून बोलत, मुलगा अधूनमधून मराठीत सांगे. मला वाटलं, सुरुवात होईल इ.स. ७९ पासून, व्हेसुव्हियस ज्वालामुखी, गाडलं गेलेलं शहर, १७४८ साली सुरू झालेलं उत्खनन. तसं काहीच नाही. बाईंनी आम्हाला एका गल्लीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "खाली बघा. काय दिसतं?" आणि थांबल्या. खरंच थांबल्या, मिनीटभर तरी. मी वर्गात प्रश्न विचारते आणि पाच सेकंदांत उत्तरही मीच देऊन टाकते, ते तिथे आठवलं.

दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. रस्त्याच्या मध्ये तीन उंच दगड, एका ओळीत. ह्यांनी विचारलं, "मग गाडी जायची कशी?" बाई हसल्या. चाकं दगडांच्या फटींतून जायची, म्हणजे गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर ठरलेलं असणार. आणि माणसांना दगडांवर पाय ठेवून का जावं लागायचं? कारण सांडपाणी, पावसाचं पाणी, जनावरांची घाण सगळं रस्त्यावरूनच वाहायचं. हे दुसरं उत्तर माझं, बरं का. बरोबर आलं तेव्हा सहावीतल्या पोरीसारखा आनंद झाला.

तेवढ्या वेळात झेंडेवाले तीन गट आमच्या बाजूने गेले. कानात यंत्र, हातात मोबाईल. आम्ही मात्र ती गल्ली, एक बेकरी, एक खाणावळ आणि एक घर, एवढंच बघितलं. बेकरीतली जाती काळ्या लाव्हाच्या दगडाची, अगदी डमरूच्या आकाराची. ती फिरवायला गाढवं जुंपत. खाणावळीच्या ओट्यात मडकी बसवलेली, आपल्या टपरीवर पातेली मांडलेली असतात तशी. रंगमंडळ राहिलं म्हणून हे थोडे खट्टू झाले. मला काही वाटलं नाही.

शेवटी त्या माणसांच्या आकृतींपाशी गेलो. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली, पण घट्ट झालेल्या राखेत त्यांची पोकळी राहिली. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळीत प्लास्टर ओतलं आणि मेलेल्या माणसाचा शेवटचा क्षण समोर आला. इथे बाई म्हणाल्या, फोटो नंतर काढा, आधी बघा. मुलांना हे दाखवावं का, यावर घरी आमचा वाद झाला. माझं मत, आठवीपासून पुढे दाखवावं, पण आधी बोलून मगच.

तारखेचंही त्यांनी मजेशीर सांगितलं. हा उद्रेक २४ ऑगस्टला झाला असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यातली तारीख ऑक्टोबरमधली. कोळशाचं लिखाण उघड्यावर फार दिवस टिकत नाही, म्हणून आता बरेच अभ्यासक उद्रेक ऑक्टोबरात धरतात. (आता उत्तरपत्रिकेत गुण कुणाला द्यायचे, सांगा!)

निघताना बाईंनी विचारलं, भारतात कुठे? महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "मग उद्या नेपल्सच्या संग्रहालयात तुमच्याकडची बाई बघा." १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी मानतात. दुसऱ्या दिवशी पाहिली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन लहान सख्या. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं, अशाच मूर्ती महाराष्ट्रात भोकरदन आणि तेर इथे सापडल्या आहेत.

तेर! आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं. गोरोबाकाकांच्या दर्शनाला मी किती वेळा गेले असेन. तिथल्या लामतुरे संग्रहालयात एकदाही पाऊल ठेवलं नाही. त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिरापुढे फोटो तेवढा काढलाय. तेर म्हणजेच 'तगर', दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात नाव असलेली बाजारपेठ. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार करणारा प्लिनी याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. आणि मी वर्गात काय शिकवते? "सातवाहनांचा रोमशी व्यापार चाले." एक वाक्य, एक गुण.

म्हणून माझं स्पष्ट मत. सहलीला आपण बसला पैसे देतो, जेवणाला देतो, वॉटर पार्कच्या तिकिटाला तर पालक हूं की चूं न करता देतात. दाखवणाऱ्या माणसाला मात्र काही देत नाही. त्याची जागा भरतो आपण, शिट्टी वाजवून. खासगी गाईड हा श्रीमंतांचा थाट आहे हे खरंच, दहा मुलांमागे एक माणूस आपल्याला परवडणार नाही. पण एक दिवस, एकच गाव आणि ते जाणणारा एक जण, एवढं जमू शकतं. तेरमध्ये बघण्यासारखं फार नाही, असं सहकारी म्हणतात. पॉम्पेईतही मी गल्लीच बघितली की.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, तिथे पोरांना खेळायला काय आहे?" प्रश्न रास्त आहे. नदीकाठी डबा खाऊ, तासभर खेळू देऊ, असं सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही.

डिसेंबरच्या सहलीच्या अंदाजपत्रकात मी यंदा एक नवी ओळ घातली आहे, 'माहीतगाराचे मानधन'. मुख्याध्यापकांनी तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवलाय. सोमवारी मधल्या सुट्टीत भेटायला बोलावलं आहे.